यंदा पिल्लू एकही नाही

“मेले तरी तुझी कुरकुर, नाही मेले तरी कुरकुर! डॉल्फिननी करायचं तरी काय?” नवऱ्याने ताट बाजूला सारलं.

“मेले नाहीत असं मी म्हटलंच नाही. सापडले नाहीत, एवढंच म्हणतेय,” ती म्हणाली.

समुद्री जीवांच्या कार्यालयात ती आकडे सांभाळते. किनाऱ्याला लागलेल्या प्रत्येक मेल्या डॉल्फिनची लांबी, जागा, बोटीच्या पंख्याने झालेल्या जखमा यांची नोंद तिच्याकडे येते, आणि बोटींच्या धडकेने वर्षाला किती जीव जातात याचा अंदाज ती बांधते. दरवर्षी तो वाढत होता. यंदाही वाढला असता, तर खाडीच्या तोंडाशी वेगमर्यादा येणार होती, आणि तिच्याच नवऱ्याच्या प्रवासी बोटीच्या फेऱ्या निम्म्यावर येणार होत्या. पण यंदा आकडा घसरला. साहेब खूश, घर खूश. ती मात्र नाही.

चांगल्या बातमीवर तिचा कधीच विश्वास नव्हता. मुलीला पैकीच्या पैकी मार्क मिळाले तेव्हा तिने आधी विचारलं, “अजून किती जणींना मिळाले?” स्थळ आलं, मुलगा निर्व्यसनी आहे असं कळलं, तेव्हा म्हणाली होती, “मग करतो काय?”

“अगं, मासे वाचले तर देवाचे आभार मान,” सासूबाई म्हणाल्या. डॉल्फिन मासा नाही हे एरवी तिने लगेच सांगितलं असतं. आज सोडून दिलं.

“आई, यंदा किनाऱ्याला लागले ते सगळे मोठे,” ती सासूबाईंना म्हणाली. “ पिल्लू एकही नाही. बोट काय लांबी मोजून धडकते?”

“पिल्लं हुशार झाली असतील,” मुलगी हसली. दुसरं कुणी हसलं नाही.

“मोठं धूड चौघांनाही हलवत नाही,” ती पोळीवर तूप लावत म्हणाली. “पिल्लू एकटा माणूस दोराने ओढून नेतो. खोल पाण्यात बुडवायचं तर त्याला काहीतरी जड बांधावं लागतं, इतकंच.”

दाराजवळ नवा नांगर पडला होता, वेष्टणातच. आधीचे दोन खडकात अडकून गेले, असं नवऱ्याने सांगितलं होतं. इतकी वर्षं जुना एकच नांगर पुरला होता.

“घरच्याच माणसावर संशय घेतेस?” त्याचा आवाज चढला.

“मी कुणाचं नाव घेतलंय? चोराच्या मनात चांदणं.”

त्याने पाण्याचा पेला गोल फिरवला. मग म्हणाला, “सगळेच करतात. मी एकटा नाही.”

सासूबाईंचा घास हातातच राहिला. मुलीने आईकडे पाहिलं, मग बापाकडे.

“मर्यादा आली तर खायचं काय, ते सांग,” तो हळूच म्हणाला. “तू आहे तो आकडा दिलास तर कुणी विचारणारही नाही.”

ते खरं होतं. कुणीच विचारणार नव्हतं. तिने उरलेली पोळी डब्यात ठेवली, झाकण लावलं.

“यंदाचा आकडा भरवशाचा नाही, पिल्लं गायब केली जाताहेत, असं मी अहवालात लिहिणार आहे. तो सोमवारी जाईल,” ती सगळ्यांना म्हणाली. “आणि तो नांगर उद्या दुकानात परत करा. वेष्टण फाडू नका.”