दगड चढवले की न चालणारा ग्राइंडर

या सदरात लोक चिंचेखालची बाई, मागून आलेली हाक वगैरे लिहितात, ते मी आवडीने वाचते आणि पोटभर हसते. राग मानू नका. माझं अर्धं आयुष्य विजेच्या मोटारी वाइंड करण्यात, म्हणजे त्यांच्यात तांब्याची तार भरण्यात गेलं. आधी खोपोलीतल्या एका कारखान्यात, आता घरामागच्या शेडमध्ये. आमच्या धंद्यात भुतं दोनच... लूज कनेक्शन आणि ओल. दोन्ही मी रोज उतरवते. मलाही कधी इथे लिहावं लागेल असं कुणी म्हटलं असतं, तर त्याला चहा पाजून घरी पाठवला असता.

आमचं घर शिळफाट्याच्या अलीकडे, हायवेच्या ट्रकचे हॉर्न ऐकू येतात इतकं जवळ. घरात मी आणि आमचे हे. हे निवृत्त शिक्षक. वर्गात विज्ञान शिकवायचे आणि रस्त्यात मांजर आडवं गेलं की थांबायचे. मी छेडलं की म्हणतात, "विज्ञान शाळेपुरतं." असो.

मला एक खूळ आहे. जुने बेंच ग्राइंडर शोधायचे आणि नीट करायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते — टेबलावर बोल्टने बसवायची मोटार, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक गोल दगड. विळा, कोयता, छिन्नी, ड्रिलचं बिट, कशालाही धार लावा. आजकालचे हलके असतात, चालू केले की टेबलावर नाचतात. जुन्यांची बॉडी बिडाची, एकट्याने उचलायची नाही. बटण बंद केलं तरी दगड कितीतरी वेळ निवांत फिरत राहतो. ते बघत उभं राहणं ही माझी चैन आहे. कुणाला दागिने आवडतात, मला हे.

पण या खुळाला लागून घरात एक दुखणंही होतं. माझा धाकटा भाऊ शरद.

आमचं माहेर पोशीरचं. शरद खालापूरकडच्या एका लहान वर्कशॉपमध्ये टूल ग्राइंडिंग करायचा. त्याच्या हातची धार मागून घ्यायचे लोक. एक दिवस चालता दगड त्याच्या समोर फुटला. डोळा वाचला, पण गालात आणि खांद्यात तुकडे घुसले. जखमा भरल्या. हात मात्र भरून आला नाही... म्हणजे हाताला काही झालंच नव्हतं, पण ग्राइंडरचा आवाज आला की तो थरथर कापायचा. काम सुटलं. कर्जत रस्त्यावरच्या एका फार्महाऊसवर रात्रीचा वॉचमन म्हणून बसायला लागला. त्याची बायको मंदा मला फोनवर म्हणाली होती, "ताई, मिक्सर लावला तरी हे ताटावरनं उठून बाहेर जातात. मी पाट्यावर वाटते आता." ते ऐकून मी खूप रडले होते. माझ्याकडे आला तरी फाटकापाशी उभा राहून आधी विचारायचा, "ताय, मशीन बंद हाय ना गं?" मी हो म्हटल्याशिवाय आत पाऊल नाही. आणि आत आला तरी शेडकडे पाठ.

आता मुख्य गोष्ट.

गौरी-गणपती आटोपले आणि मी शिळफाट्याच्या भंगारवाल्याकडे चक्कर टाकली. पत्र्यांच्या ढिगाखाली एक ग्राइंडर दिसला. हिरव्या रंगाचे पोपडे, नावाची पट्टी घासून गेलेली, शाफ्ट गंजून घट्ट. मला तर घबाड मिळाल्यासारखं झालं. भंगारवाला ओळखीचा. तो म्हणाला, "ताई, ही नका नेऊ. दोघांनी नेली नि परत आणून टाकली. चालत नाय म्हणतात."

"चालत नाही म्हणूनच तर नेते," मी म्हटलं.

घरी आणून खोलला. शाफ्ट डिझेलमध्ये मुरत ठेवला, बेअरिंग काढून नवी घातली, जळकी कॉइल उपसून नवीन तार भरली, वार्निश देऊन सुकवली. यांनी अंगणात बसून बॉडीचा रंग खरवडला आणि नवा हिरवा दिला. मग दगड न लावता नुसती मोटार चालवून बघितली. अहाहा. काय गोड चालली. मी यांना हाक मारून ऐकवली.

दुसऱ्या दिवशी दगड चढवले, बटण दाबलं. काही नाही. घरघर नाही, हुंकार नाही, काहीच नाही. दगड काढले... चालू. एक दगड लावला... बंद. माझ्या दुसऱ्या ग्राइंडरचे दगड आणून लावले, तरी बंद.

तुम्ही म्हणाल, दगडाचा भार होत असेल. भार झाला तर मोटार उलट जास्त करंट खाते, घुमते, तापते. मी टाँग टेस्टर लावला — तारेभोवती पकडायचं करंट मोजायचं मीटर. शून्य. मोटारीपर्यंत वीज पोचलेली, कॉइल कुठे तुटलेली नाही, आणि करंट शून्य. नळाला पाणी आहे, नळ उघडा आहे आणि बादली कोरडी, असला प्रकार. हे होतच नाही हो. मी दुसरं मीटर आणलं. तेही शून्य. कारखान्यातले आमचे जुने सुपरवायझर मुद्दाम बोलावले. त्यांनी सगळं तपासलं, डोकं खाजवलं, दोन कप चहा प्यायले आणि "पुन्हा वाइंड करून बघ," म्हणून गेले. केलं. तेच.

यांनी मग आपलं शास्त्र काढलं. ग्राइंडरला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मीही, कोणी बघत नाही असं बघून, मशीनला हात लावून कपाळाला लावला. कारखान्यात सगळे कामगार पाळी सुरू करताना करायचे तसं. मी कधी केलं नव्हतं. उपयोग शून्य. नारळाच्या वड्या तेवढ्या चांगल्या झाल्या.

अशी मी वैतागून शेडमध्ये बसलेली असताना शरद आला. शेतातल्या काकड्या घेऊन. फाटकातून नेहमीचा प्रश्न.

"ताय, मशीन बंद हाय ना गं?"

"बंद काय रं, चालतच नाय. मेलेली हाय ती."

"म्हंजे?"

"म्हंजे कायबी कर, दगड फिरतच नाय."

त्याने फाटक लोटलं. मग पिशवी पायरीवर ठेवली आणि शेडच्या दारापर्यंत आला. तो अपघात झाल्यापासून इतक्या जवळ तो पहिल्यांदाच येत होता. मी पिन वायरीसकट मशीनपासून काढून हातात धरली, त्याला दिसेल अशी. तो आत आला. लांबूनच वाकून हत्यार टेकवायची पट्टी बघितली आणि कपाळाला आठी घालून म्हणाला, "रेस्ट किती लांब ठेवलाय गं दगडापासून. इळा मधी घुसंल की."

"मग घे की जवळ."

त्याने पाना उचलला. तो हातातून निसटून खाली पडला. मी तो उचलून दिला नाही. काकड्या धुवायला निघून गेले. परत आले तेव्हा रेस्ट दगडाजवळ आला होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जगात हा एकच ग्राइंडर होता ज्याची शरदला भीती वाटत नव्हती. रात्री जेवताना मी यांना सांगितलं. हे घास हातात धरून म्हणाले, "अगं, मग दुरुस्त करू नकोस." लग्नाला इतकी वर्षं झाली, यांचं पहिल्यांदा पटलं. टाँग टेस्टर मी कपाटात ठेवला. आणि हो, दगड काढले की ती चालते हे शरदला सांगितलं नाही. पिन मात्र वायरीसकट काढून माझ्या खणात. करंट शून्य असला तरी विजेवर विश्वास ठेवायचा नाही, एवढं मला कळतं.

शरदची ड्युटी रात्रीची, त्यामुळे झोप झाली की दुपारी यायला लागला. निमित्त कधी भेंडी, कधी शिराळी. मग शेडमध्ये. दगड उतरवायचा, बोटावर अडकवायचा आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने वाजवायचा. चांगला दगड टण्ण वाजतो, चीर गेलेला बद्द. तो वाजवायचा, ऐकायचा, पुन्हा वाजवायचा. नट घट्ट करायचा, खोलायचा, पुन्हा घट्ट करायचा. पाना पडायचा थांबला. मी पलीकडे माझ्या कॉइल भरत बसायचे आणि एक शब्द बोलायचे नाही. मला ओळखतात त्यांना याचं मोल कळेल.

एक दिवस तो आपण होऊन म्हणाला, "पिन लाव ताय."

मी आधी मेन स्विचपर्यंतची वाट मोकळी केली. मग लावली. तो दगडाच्या समोरून बाजूला सरकला. आमच्यात रीतच आहे, दगड वेग घेईपर्यंत त्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. बाजूला राहून बटण दाबलं. काही नाही. "मेलीच हाय," म्हणाला आणि चक्क हसला. मग ते रोजचंच झालं. बाजूला उभं राहायचं, बटण दाबायचं, हसायचं, घरी जायचं.

दसरा तोंडावर आला होता. भर दुपारी, ऊन शेडच्या निम्म्यापर्यंत आलेलं. शरदने दगड वाजवून चढवले, मशीनला हात लावून कपाळाला लावला, बाजूला सरकला, बटण दाबलं.

आणि ती चालली.

जुने ग्राइंडर वेग घेतात ते सावकाश. आधी खोल घुमतात, मग आवाज चढत जातो. तो चढत गेला तसा माझा जीव खाली जात होता. मी मेन स्विचकडे धावले. शरदने माझ्याकडे न बघता नुसता हात वर केला.

"ऱ्हाऊ दे."

तो पांढराफटक पडला होता. पण पाय जागचा हलला नाही. आवाज स्थिर झाला. त्याने दगड दोन्ही बाजूंनी निरखला आणि म्हणाला, "इळा दे गं कुठला तरी. चष्मा पण दे."

मी दिला. ठिणग्या उडाल्या. पात्याच्या टोकापर्यंत एकसारखी धार, मधे कुठे ठेचकाळणं नाही. बटण बंद करून दगड पूर्ण थांबेपर्यंत तो तिथेच उभा राहिला. मग खाली बसला. मीही बसले. दोघं लहान पोरांसारखे रडलो, लपवायचं कशाला. आवाज ऐकून हे झोपेतून उठून आले आणि काही न विचारता चहा टाकायला गेले.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी मंदाचा फोन आला. काय बोलत होती ते मला धड ऐकूच येत नव्हतं, मागे मिक्सर चालू होता.

शरद आता खालापूरलाच दुसऱ्या वर्कशॉपमध्ये पुन्हा धारेवर आहे. ग्राइंडर माझ्याकडेच राहिला. त्या दुपारनंतर तो माझ्या हाताने चालला, यांच्या हाताने चालला, करंट जेवढा हवा तेवढा. मी कपाटातून मीटर काढून सगळं पुन्हा तपासलं, मोटार उघडलीसुद्धा. माझंच वाइंडिंग, जसंच्या तसं. भंगारवाल्याला विचारलं, आधी नेणारे दोघे कोण होते? त्याला आठवत नाही.

इथेच संपवणार होते. पण मागच्या आठवड्यात सकाळी कोयता घेऊन बटण दाबलं आणि... काही नाही. दगड काढले. चालू. पुन्हा लावले. बंद. मीटर शून्य.

शरदला फोन लावला. त्याने आधी मीटर किती दाखवतं ते विचारलं. मग म्हणाला, "खोलू नको ताय. कोनाची तरी वाट बघत आसंल."

मी अजूनही भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. कुणाला या शून्याचं कारण ठाऊक असेल तर जरूर सांगा, शिव्या न देता ऐकेन. तोपर्यंत मीटर परत कपाटात ठेवलंय, पिन खणात आहे आणि ग्राइंडरशेजारी एक जादा स्टूल मांडलंय.