चुन्याच्या दगडातली तीन बोटं

आमच्या घरी असल्या गोष्टींना कधी थारा नव्हता. बाबा पोस्टात होते. कोणी काही अद्भुत सांगायला लागलं की ते शांतपणे दोनच प्रश्न विचारायचे — कोणी पाह्यलं, आणि किती वाजता? बहुतेकांची गोष्ट तिथंच आटोपायची. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, कपाटात पुस्तकं... दाराला लिंबूमिरची आम्ही फक्त शेजाऱ्यांच्या पाहिली. मी स्वतः वणीला शाळेत भूगोल शिकवते, एकोणीस वर्षं झाली. त्यामुळे या सदरात लिहिताना मला जरा अवघडल्यासारखं होतंय. दादाला विचारूनच लिहितेय. तो म्हणाला, लिही, पण नेमकी जागा सांगू नको.

दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. लाइनमन आहे. पावसात लाइट गेली की शिडी-दोर घेऊन शेताशेतातून दहा-दहा किलोमीटर पायी फिरणारा माणूस. तीन वर्षांपूर्वी मारेगावच्या रस्त्यावर त्याची मोटरसायकल घसरली आणि मागून येणाऱ्या ट्रकचं चाक डाव्या पायावरून गेलं. करंगळी आणि तिच्या बाजूचं बोट गेलं. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात, पाय वाचला.

पाय वाचला, पण दादाचं चालणं गेलं. म्हणजे चालता येत होतं — थोडा पाय बाहेर फेकत, पण येत होतं. तोच चालेना. ऑफिसात तक्रारी लिहून घेण्याचं काम मागून घेतलं. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी गाडी. पायातला मोजा तो झोपतानाही काढत नसे. वहिनीनं मला एकदा सांगितलं, की दवाखान्यातून आल्यापासून तिनंसुद्धा तो पाय उघडा पाहिलेला नाही.

गेल्या डिसेंबरात मला नववीच्या सहलीसाठी जागा बघायची होती. आमच्या जिल्ह्याच्या या कोपऱ्यात भूगोलाचं आख्खं पुस्तक उघडं पडलंय आणि मुलं ते फळ्यावर शिकतात, याचं मला नेहमी वाईट वाटतं. झरी जामणी तालुक्यात एका टेकडीला काळ्या दगडाचे खांब आहेत. पाच-सहा बाजूंचे, एकाला एक चिकटून, जणू कोणी साच्यातून काढून रचून ठेवलेत. लाव्हा थंड होताना तडकला की असे खांब होतात. आणि तिथून मुकुटबनच्या बाजूला सरकलात की काळा दगड संपतो, खाली पांढरा चुनखडीचा दगड लागतो. चुनखडी म्हणजे पाण्यानं विरघळणारा दगड. म्हणजे भुयारं आलीच.

वहिनीनं दादाला माझ्यासोबत जबरदस्तीनं पाठवलं. ड्रायव्हर म्हणून. खांबांपाशी पोहोचलो तेव्हा तो गाडीतून उतरलासुद्धा नाही. मी फोटो काढून आले तर सीट मागे करून डोळे मिटून पडला होता. मला राग आला. खाली उतरून माती हातात घेणारा हा माणूस...

भुयाराची माहिती मला आमच्या शाळेतल्या शिपायानं दिली होती. त्याची ओळख सांगून आम्ही कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर गेलो आणि भीमाबाई मावशींना भेटलो. साठीच्या असतील. शेळ्या मुलीच्या हवाली करून, काठी घेऊन लगेच निघाल्या. वाटेत म्हणाल्या की भुयारात त्यांचे लोक पहिल्या खोलीपर्यंतच जातात, त्यापुढे कोणी जात नाही. भीती नाही, फक्त जायचं काही काम पडत नाही. हे उत्तर मला फार आवडलं.

अकरा वाजले होते. एका उंबराच्या मुळांखाली, माणूस वाकून जाईल एवढं तोंड. जवळ गेलो तर आतून थंडगार वारा येत होता. दादा बाहेर दगडावर बसणार होता, तसं त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. पण त्या वाऱ्यात त्यानं हात धरला.

"हवा वाहून राह्यली," तो म्हणाला. "म्हणजे दुसऱ्या बाजूनंही तोंड असन."

तीन वर्षांत त्यानं एखाद्या गोष्टीत असं डोकं घातलेलं मी पाहिलं नव्हतं. मावशींनी सांगितलं की आत पायताण चालत नाही. चिकणमाती आहे, बूट घसरतो, आणि शिवाय आम्ही घालत नाही. दादा थांबला. मग आमच्याकडे पाठ करून बसला, बूट काढला, मोजा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि आमच्या आधी उठून उभा राहिला. मी त्याच्या पायाकडे पाहिलं नाही.

पहिली खोली आमच्या वर्गाएवढी. तिच्या टोकाला एक भेग होती, तिच्यातून आडवं होऊन सरकावं लागलं. वारा तिथूनच येत होता. पलीकडे गेल्यावर मी हेडटॉर्च वर केला. छतातून चुन्याचे सुळके लोंबत होते आणि खाली सगळी जमीन पांढरी, ओली, गव्हाचा चीक सांडून थिजावा तशी. मावशीही पहिल्यांदाच पाहत होत्या. त्या भिंतीला हात लावून नुसत्या उभ्या राहिल्या.

मग मला जमिनीवर पाऊल दिसलं.

डावं पाऊल. टाच, चवडा, अंगठा, दोन बोटं... आणि पुढं काही नाही.

मला वाटलं दादाचंच. पुढे गेला असेल, ओल्या चिकणमातीत उमटलं असेल. म्हणून मी हाक मारली. तर उत्तर मागून आलं — तो अजून भेगेतच होता.

मी खाली बसले, बोटानं दाबून पाहिलं. माती नव्हती. दगड होता. कधीतरी मऊ असताना उमटलेलं पाऊल, आणि त्यावर पाझरून पाझरून चुन्याचा थर बसलेला. कडा गोल झालेल्या, खोलगट भागात पाणी. पुढे उजवं, परत डावं, परत उजवं. एका माणसाची रांग आतल्या बाजूला गेलेली. परतीचं एकही पाऊल नाही.

दादा येऊन माझ्याजवळ बसला. मग त्यानं हळूच आपला डावा पाय त्या पाऊलखुणेत ठेवला. तेव्हा मी त्याचा पाय पहिल्यांदा पाहिला. बोटं गेली तिथं हाडाचा एक उंचवटा राहिलाय. दगडात त्या जागी तेवढाच खड्डा होता.

"सुजाता," तो म्हणाला, "हा माहा पाय आहे."

मी शिक्षिकेच्या सवयीनं काहीतरी बोलायला गेले. योगायोग वगैरे. तोवर तो पुढच्या पावलाकडे बघत होता.

पुढे जायचं दादानंच ठरवलं. दालनाचा मधला भाग सपाट आणि रुंद होता, सरळ चालत जाता आलं असतं. पण ती पावलं विनाकारण डावीकडे वळून भिंतीला धरून गेली होती, जिथं छत एवढं खाली की वाकावं लागत होतं. मी मधून निघाले. दादानं माझा दंड इतक्या जोरात धरला की नंतर दोन दिवस वळ होता.

"त्याच्या पावलावरून चाल."

"काहून? इथं चांगली वाट आहे."

"त्याले दिसली नसन का ते वाट?"

मावशींनी काठी लांब करून मधल्या पांढऱ्या जमिनीवर दोनदा ठोकली. पहिल्यांदा पोकळ आवाज आला. दुसऱ्यांदा पापडासारखा तुकडा फुटून आत गेला आणि... आम्ही तिघं ऐकत राहिलो. बऱ्याच वेळानं खाली कुठेतरी पाण्याचा आवाज आला. त्या सपाट भागाखाली काहीच नव्हतं. बोटभर जाडीचा थर, आणि मी त्यापासून अर्ध्या पावलावर होते.

मग आम्ही वाकून, भिंतीला धरून, एकेका पावलावर पाऊल ठेवत गेलो. पुढे दादा, मधे मी, मागे मावशी. पंचवीस-तीस पावलं असतील. शेवटी दगडांच्या खिंडीतून उजेड दिसला. पावलं तिथं मातीत आणि मुळांत शिरून संपत होती. आम्ही मुळं बाजूला करून बाहेर पडलो तर टेकडीच्या दुसऱ्या बाजूला होतो, खाली कोणाचं तरी कापसाचं शेत, वेचणी चाललेली. घड्याळात साडेबारा. बाबांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हे लिहून ठेवते.

मला चैन पडेना. माझ्या ओळखीचे एक भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक आहेत, त्यांना दोन आठवड्यांनी दादासोबत घेऊन गेले. त्यांनी भिंग लावून पाहिलं, फोटो घेतले. त्यांचं म्हणणं, इतका थर पाच-दहा वर्षांत बसत नाही. शेकडो वर्षं तरी, जास्तही असतील. तपासल्याशिवाय आकडा सांगणार नाही. आणि बोटांचं काय? तर ते हसले. जुन्या काळी साप, अस्वल, जखम चिघळणं... बोटं गेलेली माणसं कमी होती का? एखादा असाच कोणी वाट काढत गेला असेल. मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घ्यायचंच होतं.

पण ते शास्त्रज्ञ आहेत, अर्धवट सोडेनात. दादाला म्हणाले, बाहेर ओल्या मातीवर चालून दाखवा. दादा चालला. त्यांनी टेप लावून दोन्हीकडची पावलं मोजली. लांबी, रुंदी, दोन पावलांतलं अंतर, डावा पाय बाहेर फेकला जातो तो कोन. सगळं जवळपास सारखं. आत मोजणं चाललेलं असताना मला दगडातलं उजवं पाऊल नीट दिसलं. आमच्या बाबांच्या उजव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं होतं. दादाचं तसंच आहे. माझंही. दगडातल्या प्रत्येक उजव्या पावलात ते बोट अंगठ्यावर चढलेलं होतं. पहिल्या दिवशी आम्ही डाव्याच्याच नादात होतो, उजव्याकडे कोणी नीट पाहिलंच नव्हतं.

प्राध्यापकांना दाखवलं. त्यांनी आमच्या दोघांचे पाय पाहिले, टेप गुंडाळली आणि परतीच्या रस्त्यात वणी येईपर्यंत ते फक्त कोळशाच्या ट्रकांबद्दल बोलले. उतरताना म्हणाले, "मॅडम, मला यातलं दगडाचं कळतं. पायाचं विचारू नका."

माझ्या परीनं मी सगळ्या शक्यता मांडून पाहिल्या. आमचाच कोणी पूर्वज? बोटाची ठेवण रक्तातून येते, पण ट्रकखाली गेलेली बोटं रक्तातून कशी येतील? कोणीतरी केलेली चेष्टा? कोणासाठी, आणि कोणाला माहीत होतं की आम्ही जाणार? सहलीला मी मुलांना फक्त खांबांपर्यंत नेलं. मावशींनी भेगेच्या तोंडाशी काटेरी फांद्या रचल्यात, कोणी पोरगं मधून चालत जाऊ नये म्हणून.

दादाला मी एकदा सरळ विचारलं, तुले काय वाटते? तो अंगणात नळावर पाय धूत होता. वहिनी शेजारीच कपडे वाळत घालत होती.

"कोण होता, मले नाही मालूम," तो म्हणाला. "पण बॅटरी नसताना, असा पाय घेऊन, तो अंधारातून बाहेर निंगाला ना?"

एप्रिलपासून त्यानं पुन्हा लाइनवरची ड्युटी मागून घेतली आहे. मला अजूनही काही कळलेलं नाही.