बुकमार्कची नावं

अण्णाचे शेवटचे शब्द मी पुसले. माझ्याच हातानं.

आज वर्ष झालं सिद्रामअण्णाला जाऊन. माझा चुलतभाऊ, मंद्रूपचा. चिंचोळी एमआयडीसीत एकाच ऑफिसात, शेजारशेजारच्या टेबलांवर आम्ही नऊ वर्षं काढली.

किडन्या गेल्या होत्या. मला इतकंच सांगायचा, "गोळ्या चालू हायत."

अण्णा डायरी लिहायचा नाही. ब्राउझरमध्ये एखादं पान बुकमार्क केलं, की त्याचं नाव बदलून तिथं मनातलं लिहून ठेवायचा.

एक्सेलच्या पानाला नाव : 'साहेबालाबी येत न्हाय.'
शेळ्यांच्या आजाराच्या पानाला : 'बापाला फोनवर सांगायचं. चिडायचं न्हाय.'

मी लई चेष्टा करायचो.

दिवसकार्य झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्येंनी काम्पुटरवर काय लिवलेलं असंल ते आणा की. पोरगी मोठी झाल्यावर वाचंल."

ऑफिसात आयटीवाला त्याचा पीसी फॉरमॅट करायला बसलाच होता. मी बुकमार्कची यादी उघडली. सिलेक्ट ऑल, कॉपी, नोटपॅडमध्ये पेस्ट, पेनड्राइव्ह. दोन मिनिटांचं काम.

मग मीच त्याला म्हणालो, "कर फॉरमॅट."

वहिनींसमोर फाइल उघडली. नुसत्या लिंका. एकीलाही नाव नाही.

अशी कॉपी केली की फक्त लिंका उतरतात. मला माहीत नव्हतं असं नाही. अण्णानंच सांगितलं होतं. "राजू, नावं येत न्हाईत तशी. एक्सपोर्ट कर, ती फाइल ब्राउझरमधी उघड, तितनं नावं उचल. मग नावाखाली लिंक, जुळवत बस."

"एवढं कोण करतंय अण्णा," मी म्हणालो होतो.

वहिनींनी विचारलं, "ह्यात त्येंचं काय हाय?"
मी फाइल बंद केली.

त्या दिवशी बघितलेलं एक नाव तेवढं आठवतंय. यादी सरकवताना मधेच कुठंतरी दिसलं होतं.
'राजूला विचारायचं.'

त्याची लिंक कुठली, ते कळायला आता मार्ग नाही. म्हणून वर्षभर एकेक उघडून बघतोय. जुन्या बाइकचे भाव आहेत. पोरीच्या शाळेचा फॉर्म आहे.

आणि जिवंत माणसानं कुणाला किडनी देता येते, त्याचे नियम आहेत.

बाइकचंच विचारायचं असेल, असं मी स्वतःला सांगतो.

अण्णा, तू विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी हो म्हणालो असतो का, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

राजूचा नमस्कार घे.