रेशमाने शिवलेली सीमारेषा

अमेरिकेत श्रूजबरीला येऊन मला दीड वर्ष झालं होतं. साल २००४. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, आणि माझा व्हिसा त्याच्या व्हिसाला टांगलेला. त्यावर शिकता येत होतं, नोकरी करता येत नव्हती. पुण्यात मी कॉलेजात भूगोल शिकवायचे, असं इथे सांगितलं की लोक "अरे वा" म्हणायचे आणि ढोकळा घरी करता का, ते विचारायचे.

एका शनिवारी ओळखीच्या काकू आम्हा दोघांना जवळच्या गावातलं छोटं म्युझियम दाखवायला घेऊन गेल्या. काकू डॉक्टर, तीस वर्षांपूर्वी इथे आलेल्या. तिथे काचेमागे एक नकाशा होता, रेशमाच्या धाग्यांनी कापडावर भरलेला. अक्षांश-रेखांश, नद्या, राज्यांच्या सीमा, सगळं बारीक टाक्यांत. दोनशे वर्षांपूर्वी एका बारा वर्षांच्या मुलीने तो शाळेत केला होता. तेव्हा मुलींना भूगोल असा शिकवत, असं तिथल्या गाइड बाईंनी सांगितलं.

"पुढे काय शिकली ती?" मी विचारलं.

"पुढे लग्न झालं. हा नकाशा दिवाणखान्यात लावला होता, पाहुण्यांसाठी," त्या कौतुकाने म्हणाल्या.

माझी कानशिलं तापली. तिचे रेखांश अगदी अचूक होते. हाताला एवढं नेमकं येत होतं, तर पोरीच्या डोक्यात काय काय असेल. तिच्या भावांना कुणी शिवायला बसवलं नसणार.

तेवढ्यात नवरा म्हणाला, "मस्त आहे ना? तूपण असं काहीतरी सुरू कर. वेळ आहेच तुला."

"मी नकाशे शिकवत होते," मी म्हणाले. "इथल्या एम.ए.चा अ‍ॅडमिशन फॉर्म वर्षभर तुझ्या ड्रॉवरमध्ये पडलाय. तुझं आपलं नंतर बघू, नंतर बघू."

"इथे नको ना, प्लीज."

"इथेच."

गाइड बाईंना मराठी कळत नव्हतं, पण त्या दोन पावलं मागे सरकल्या. काकू मात्र जागच्या हलल्या नाहीत. गाडीत बसताना एवढंच म्हणाल्या, "सोमवारी मला सुट्टी आहे. नऊला तयार राहा, मी युनिव्हर्सिटीत सोडते."

पुढच्या सप्टेंबरला मी वर्गात बसले. नवऱ्याने नंतर माफी मागितली, मनापासून मागितली. पण माझा खरा राग त्याच्यावर नव्हताच. वर्षभर त्या ड्रॉवरला कुलूप नव्हतं, आणि तरी मी परवानगीची वाट बघत बसले, याचा राग आजही गेलेला नाही.