आक्काचा पाय

शिरोळच्या बाजारपेठेत रुद्रय्या स्वामींचं खतं-औषधांचं दुकान होतं. आमच्याकडं उसावर फवारायच्या विषालाही औषधच म्हणतात. वर्षानुवर्षं त्या डब्यांच्या आणि पोत्यांच्या वासात बसून रुद्रय्यांना दमा जडला. चाळिशीतला माणूस, पण माडीचा जिना चढताना मधे थांबायचा. कोणीतरी सुचवलं म्हणून १९९३ साली ते पुण्याकडच्या एका निसर्गोपचार आश्रमात जाऊन राहिले. तिथं पोटावर मातीची पट्टी, वाफ, प्राणायाम, मोजकं खाणं आणि पहाटेचं चालणं. परत आले ते माणूसच बदलून.

निघताना तिथल्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. त्या दुकानात परत बसू नका, आणि दम्याचा पंप खिशात असू द्या. रुद्रय्यांनी पहिली ऐकली आणि दुसरी सोडून दिली. पंप त्यांना पुन्हा कधी लागला नाही, हे त्यांचं नशीब. पण त्याला नशीब म्हणायचं त्यांना सुचलं नाही. अंग आपलं आपण बरं होतं, असा त्यांनी त्याचा नियम केला.

दुकान बंद केलं तेव्हा सगळ्या पेठेनं त्यांना वेड्यात काढलं. रुद्रय्यांनी स्वतःच्या रानात फवारणी थांबवली, खतासाठी ताग पेरून गाडला, शेणाची स्लरी सोडली. गुऱ्हाळावर उकळत्या उसाच्या रसातली मळी पांढऱ्या पावडरीऐवजी रानभेंडीच्या रसानं काढू लागले. गूळ काळपट व्हायचा, पण ज्यानं एकदा खाल्ला तो पुन्हा मागायला यायचा. एका उन्हाळ्यात पंचगंगा फेसाळून वास मारायला लागली आणि घराघरांत कावीळ झाली. तेव्हा हाच माणूस दारोदार हिंडून पाणी उकळून प्या म्हणून सांगत होता, आणि लोकांनी त्याचं ऐकलं. हळूहळू मान वाढला. घराच्या मागं दोन खोल्या बांधून त्यांनी उपचार केंद्र काढलं. कोणाची बद्धकोष्ठता, कोणाची गुडघेदुखी, कोणाचं पित्त. बऱ्याच जणांना खरंच बरं वाटायचं.

घरात त्यांची थोरली बहीण गंगव्वा होती. लग्न करून कागवाडकडं दिली होती, पण नवरा लवकर गेला आणि ती माहेरी परत आली. तोवर आईही गेलेली. धाकट्या रुद्राला तिनंच वाढवलं. ते तिला आक्का म्हणायचे, म्हणून अख्खा गाव तिला आक्काच म्हणायचा. कमी बोलायची. म्हशी, वैरण, रानातलं तण काढायची भांगलण यांत तिचा दिवस जायचा.

१९९८च्या सुमाराला आक्काला साखरेचा आजार निघाला. जयसिंगपूरच्या डॉक्टर स्नेहल घोरपडे यांनी गोळ्या सुरू केल्या. रुद्रय्यांनी तिचा चहा बंद केला, भाताच्या जागी नाचणीची भाकरी आणली, पालेभाज्या वाढवल्या आणि रोज सकाळी तिला नदीच्या वाटेनं चालायला न्यायला लागले. साखर खाली आली. डॉक्टरीणबाईंना मनापासून आनंद झाला. त्यांनी गोळ्या निम्म्या केल्या.

"स्वामी, तुमचं आणि माझं असंच मिळून चालू दे," त्या म्हणाल्या. "पण दर महिन्याला रक्त तपासायचं. आणि आक्कांच्या पायांकडं लक्ष ठेवा. या आजारात पायाला लागलेलं कळत नाही."

सुरुवातीला दोघं नेमानं गेले. मग एक महिना ऊसतोडीत चुकला, एक गुऱ्हाळात. एके दिवशी रुद्रय्यांनी उरलेल्या गोळ्याही बंद करायला सांगितलं. डॉक्टरीणबाईंना विचारलं का, एवढंच आक्कानं विचारलं. तुझं अंगच सांगतंय की, आता विचारायचं काय राहिलंय, असं ते म्हणाले. आक्कानं पुन्हा विचारलं नाही. ज्याला बोट धरून चालायला शिकवलं, तो आता इतक्या लोकांना शिकवत होता. तिला त्याचं कौतुकच होतं.

त्यानंतर बरीच वर्षं काही झालं नाही. म्हणजे डोळ्यांना दिसेल असं काही झालं नाही. केंद्रात नवा माणूस आला की रुद्रय्या त्याला अंगणात आणायचे आणि वैरण कापणाऱ्या आक्काकडं हात करायचे. आमच्या आक्काला साखर होती, आज एकही गोळी नाही, असं सांगायचे. आक्का पदर सावरून हसायची. कोल्हापुरात एका सभागृहात त्यांचं भाषण झालं, तेव्हाही ते तिला सोबत घेऊन गेले आणि पहिल्या रांगेत बसवलं.

२००५च्या पावसाळ्यात कृष्णा गावात शिरली. म्हशी सोडून उंचावरच्या शाळेकडं न्यायच्या होत्या. आक्का गुडघाभर गढूळ पाण्यातून दावं धरून चालली. पाण्याखाली कसला तरी पत्रा होता. तिची टाच कापली आणि तिला कळलंही नाही. शाळेच्या फरशीवर रक्ताचे ठसे उमटले, ते रुद्रय्यांची बायको शिवलीला हिनं पाहिले.

पाणी उतरल्यावर घरी आले. रुद्रय्या कडुलिंबाच्या पाल्याच्या उकळलेल्या पाण्यानं जखम धुवायचे, हळद भरायचे, स्वच्छ फडकं बांधायचे. सेवेत त्यांनी कसूर केली नाही. पण टाच काळवंडत गेली. शिवलीलानं जयसिंगपूरला जाऊ म्हणून दोनदा सांगितलं. शरीर आपलं काम करतंय, त्याला अवधी द्यायला हवा, असं त्यांचं उत्तर होतं. शेवटी आक्काला ताप भरला आणि ती लहानपणीच्या कानडीत गेलेल्या आईशी बोलायला लागली, तेव्हा ते घाबरले. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं पुराच्या चिखलातून पक्क्या रस्त्यापर्यंत आणि तिथून जीपनं तिला कोल्हापूरच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या सर्जननी पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, नाहीतर जीव जाईल, असं स्पष्ट सांगितलं. रुद्रय्यांनी सही केली.

डॉक्टर स्नेहल बातमी कळल्यावर भेटायला आल्या. त्या रागावल्या असत्या तर रुद्रय्यांना सोसलं असतं. त्यांनी फक्त शेवटचं रक्त कधी तपासलं होतं ते विचारलं. रुद्रय्यांना वर्षही सांगता आलं नाही.

आक्का शुद्धीवर येऊन बोलू लागली तेव्हा ते तिच्या खाटेशी बसले होते. दुखतंय हे आपल्याला का सांगितलं नाहीस, असं त्यांनी विचारलं.

"दुखत न्हवतंच," आक्का म्हणाली. "पर वास याय लागलता. मला कळलतं. म्हटलं, डॉक्टरीणबाईकडं ने म्हणून सांगावं. पर तू रोज पावण्यास्नी घिऊन यायचास, माझ्याकडं हात करायचास. त्यांच्याम्होरं कसं सांगू रुद्रा? तुझी मान खाली गेली असती."

हे ती तक्रारीच्या सुरात बोलली नाही. वैरण संपली म्हणून सांगावं तसं सांगितलं आणि पाणी मागितलं. रुद्रय्यांनी पाणी पाजलं आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

केंद्र त्यांनी बंद केलं नाही. पण आता ते आलेल्या माणसाला आधी तपासणीचे कागद मागायचे आणि चालू गोळीला हात लावायला सरळ नकार द्यायचे. साखरेवाल्यांना जयसिंगपूरला पाठवायचे. गावातल्या गुंडू न्हाव्याची साखर अशीच डॉक्टरीणबाई आणि रुद्रय्या या दोघांच्या देखरेखीखाली ताळ्यावर आली. बहुतेकांना मात्र हे रुचलं नाही. गोळ्यांतून सुटका करून घ्यायला आलेल्या माणसाला पुन्हा डॉक्टरकडं जायचं नसतं. ते दुसरीकडं गेले, सुटकेची हमी देणारे गावोगाव होतेच. भाषणाची बोलावणी रुद्रय्यांनी परत पाठवली.

आक्का पुढं काही वर्षं जगली. कृत्रिम पाय तिला जमला नाही. दर महिन्याला रुद्रय्या तिला उचलून रिक्षात बसवायचे आणि रक्त तपासून आणायचे. म्हशींच्या गोठ्याकडं तोंड करून ती ओट्यावर बसून असायची, आणि एखादं रेडकू दावं तोडून पळालं की उठायला जायची. मग तिच्या लक्षात यायचं. रुद्रय्या घरात असले तर त्या वेळी दुसरीकडं बघायचे.

ती २००९ साली गेली. मातीला आलेले लोक भावानं बहिणीची केवढी सेवा केली म्हणून बोलत होते. रुद्रय्या प्रत्येकाला थांबवून तिचा पाय मी घालवला म्हणून सांगत होते. लोक त्यांना गप्प करायचे.

"जाऊ दे स्वामी," केरबा नावाचा जुना शेजारी म्हणाला, "पुराचं पाणीच वंगाळ हुतं."

"व्हय, पाणी वंगाळ हुतं," रुद्रय्या म्हणाले. "पर जयसिंगपूर जवळच हुतं की."