गौतममामा म्हणले होते, टाकीत पेट्रोल हाय

माझ्या मामाला मी पंपाच्या लायनीत घालवलं.

डॉक्टर तसं म्हणत नाहीत. मी म्हणतो.

गौतममामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. चाकूरला गॅरेज होतं त्यांचं.

दुष्काळाचं साल. मी जुन्या व्हॅनमध्ये पाण्याचे जार टाकून गल्लोगल्ली फिरून राहिलो होतो. त्यात पेट्रोलचा काटा बसला. टाकीत कितीबी टाका, काटा आपला तळाला.

मामा व्हॅनला खांदा लावून गदागदा हलवायचे. मग आत आडवे होऊन टाकीवरच्या पत्र्याला कान लावायचे, पेट्रोल डचमळतंय का ऐकायचे.
"अर्धी हाय."
कधी चुकले नाहीत.

एकदा त्यांनी टाकीवरची वायर काढून बॉडीला टेकवली. काटा सरळ वर.
"मीटर चांगलाय तुझा. टाकीचं अर्थिंग गेलंय. जारचं पाणी सांडून गंजलं बघ."
मग हसले. "लोकाला प्यायला न्हाई, अन् तू वायरीला पाजून राहिला व्हय रे?"

"किती वेळ लागंल?"
"दहा मिनिटं."
"उद्या आणतो मामा. गल्लीत लोक थांबल्यात."

असं तीनदा झालं.

मग एका दुपारी मामाच्याच छातीत कळ आली.

जार रस्त्यावर फेकले. पत्र्यावर गोधडी टाकून मामांना आडवं केलं. मामी उशाशी बसली. लातूरकडं निघालो.

काटा तळाला.

खोटा हाय, माहीत होतं. पण शेवटचं पेट्रोल कधी टाकलं तेच आठवंना. रस्त्यात बंद पडली तर?

मागून मामा बोलले. गोधडी सारून पत्र्याला कान लावला होता त्यांनी.
"आवाज येतोय रे. पेट्रोल हाय. चल तू."

मी ऐकलं नाही. पंपावर वळलो.

पुढं एक जीप, तीन रिक्षा. मामी ओरडून राहिली होती, "आरं चल की!"

नंबर आला. नळी घातली न घातली तोच पेट्रोल बाहेर.
"दादा, टाकी तर भरलेली हाय."

लातूर यायच्या आधीच मामा गेले.

डॉक्टर म्हणले, अटॅक मोठा होता, तेवढ्यानं फरक पडला नसता. असंल.

आठवड्यानं मी स्वतःच ती वायर घासली, नट आवळला. काटा वर आला.
दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

आज आठ वर्षं झाली. मामी मला कधीच काही बोलली नाही. जेवायला वाढते, आणखी घे म्हणते. तेच सोसत नाही.

थकलो मामा. तुमचं ऐकायला पाहिजे होतं.

जयभीम.