खांडबुज्यांचं पान

गेल्या रविवारी कशेळीच्या पुढे, खाडीलगतच्या एका गावात आम्ही लग्नाला गेलो होतो. तिथे माझी लेक दुसऱ्याच्याच पानावर जाऊन बसली... म्हणजे सगळ्यांना तसं वाटलं.

आधी आडनावाचं सांगते, नाहीतर काही कळायचं नाही. आमचं आडनाव खांडबुजे. वाचलंत ना नीट? बहुतेक लोक वाचत नाहीत. भिवंडीत आम्हाला कोणी खरबूजे म्हणतं, कोणी खानबुजे, आणि बँकेतल्या एका साहेबांनी तर विचारलं होतं की हे नाव आहे की पत्ता.

मी माहेरची पाटील. अक्षता पडल्या आणि मी खांडबुजे झाले, ते आज तेवीस वर्षं स्पेलिंग सांगतेय. अर्थ विचारला की आमचे हे म्हणायचे, असेल काहीतरी. सासऱ्यांनाही एवढंच माहीत होतं, की त्यांचे वडील खाडीकडच्या कुठल्या तरी गावातून भिवंडीत टेमघरला आले आणि कापडाच्या लूमवर कामाला लागले.

फेसबुकवर शोधलं तर अख्ख्या जगात चार खांडबुजे सापडले... त्यातले दोन म्हणजे माझा दीर. पासवर्ड विसरला की तो नवीन अकाउंट काढतो.

माझी लेक ऋतुजा मात्र पार वैतागली होती. कॉलेजभर पोरांनी तिला खरबूज म्हणून पिडलं. आता नोकरी लागायच्या आत आडनाव बदलायचं, माझं माहेरचं पाटील लावायचं, असं तिने ठरवून टाकलं. गॅझेटचा फॉर्म भरून तयार होता, सोमवारी द्यायचा होता.

हे नुसते दोन दिवस टीव्हीचा आवाज मोठा करून बसून राहिले. आणि खोटं कशाला बोलू, मला आतून बरंच वाटलं होतं.

तर हे लग्न. काल्हेरच्या ज्या गोडाऊनच्या ऑफिसात मी कामाला आहे, तिथल्या हर्षदाच्या भावाचं. ऑफिसात मी सगळ्यांची वैशालीताई, आडनावाच्या भानगडीत कोणी पडत नाही. ह्यांची ड्युटी होती म्हणून मी आणि ऋतुजाच गेलो.

मांडवात बुफे होता, पण एका बाजूला घरच्या मोठ्या माणसांची पहिली पंगत खाली बसत होती. हर्षदाने आग्रहाने आम्हाला तिकडे पाठवलं. ओळीतल्या पहिल्याच पानावर सगळं वाढलेलं, पण त्यावर बसलेलं कोणी नाही... ऋतुजाला सडकून भूक लागलेली, ती सरळ जाऊन बसली.

समोर हर्षदाची आजी होती. ती म्हणाली, “बाय, तिथं नको बसू. ते पान खांडबुज्यांचं हाय.”

मला वाटलं, आपण काहीतरी भलतंच ऐकलं. ऋतुजाने एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “आजी, मी खांडबुजेच आहे.”

आजीला वाटलं पोरगी थट्टा करतेय. मग ऋतुजाने पर्समधून आधार कार्ड काढलं. आजीला वाचता येत नव्हतं, म्हणून हर्षदाने ते मोठ्याने वाचलं, आणि अख्खी पंगत जेवायची थांबली.

आजीने जे सांगितलं ते असं... आता गोडाऊनं उभी आहेत तिथे पूर्वी भातशेती होती. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध होता. उधाणाच्या भरतीला बांध फुटला की त्या भगदाडाला खांड म्हणायचे.

खांड पडल्याची हाक आली की एक घर सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरायचं. छातीएवढ्या पाण्यात उभं राहून पेंढा आणि चिखल दाबून ती खांड बुजवायचं. त्या घराचं स्वतःचं शेत मात्र तिथे नव्हतं. म्हणून गावाने त्यांना मान दिला, लग्नाच्या पहिल्या पंगतीतलं पहिलं पान त्यांचं.

पुढे ते घर गाव सोडून गेलं, कुठे गेलं ते कोणालाच ठाऊक नाही. पण पान वाढायचं थांबलं नाही. आजी सून होऊन आली तेव्हापासून दर लग्नात बघतेय, पान मांडतात, कोणी येत नाही, आणि पंगत उठली की ते गाईला घालतात.

आता आम्ही तेच खांडबुजे कशावरून? मी ह्यांना फोन लावून त्यांच्या आजोबांचं नाव विचारलं. पांडू. आजीने खूप आठवून पाहिलं, पण तिला ते काही आठवलं नाही. म्हणजे पुरावा म्हणावा तर तसा काही नाहीच.

आजीने ऋतुजाच्या खांद्यावर हात ठेवून तिला परत खाली बसवलं. म्हणाली, “नाव सांगितलंस ना? मग जेव.”

ऋतुजा मान खाली घालून जेवली, पानात शीत ठेवलं नाही. ज्या नावाला मी तेवीस वर्षं हसत आले, ते इथे लोकांनी सांभाळून ठेवलं होतं, माणसं कुठे आहेत हे माहीत नसताना... मला लाज वाटली, अगदी खरी.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी टीव्ही बंद केला, आणि पानात काय काय वाढलं होतं हे मला तीनदा विचारलं.

सोमवार गेला. फॉर्म अजून टेबलाच्या खणात आहे. ऋतुजाने फाडलेला नाही आणि मी विचारलेलं नाही. पण काल फोनवर तिचा इंटरव्ह्यू चालू होता, आणि नेहमीसारखं समोरच्याने आडनाव पुन्हा विचारलं.

ती चिडली नाही. म्हणाली, “खांडबुजे. बांध फुटला की सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरायचे, ते आम्ही.”

हर्षदा, तुझ्या गावाचे आभार कसे मानू कळत नाही गं. आजींना एवढंच सांग, पुढच्या लग्नात गाईसाठी वेगळं वाढून ठेवा... त्या पानावर आम्ही येतोय.